मायनं दिलेली पाच वर्षं

सरकारदरबारी माझे बाबा माझ्या मायपेक्षा पाच वर्षांनी मोठे. खरं विचाराल तर माय बाबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं, फक्त सरकारला नव्हतं. आणि ते सरकारला कळू नये याची तजवीज माझ्या मायनंच केली होती, शाळेच्या व्हरांड्यात, चारचौघांदेखत.

मी तापट आहे हे आधीच सांगून ठेवते. ब्रह्मपुरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बायका माप द्यायला येतात आणि पोट आत ओढून उभ्या राहतात. मी टेप गुंडाळून ठेवते आणि म्हणते, "बाई, पयले श्वास सोड. खोट्या मापाचा ब्लाउज मले नाई, तुलेच टोचणार हाय." गिऱ्हाइकं हसतात आणि पुन्हा माझ्याकडेच येतात. मायनं सरकारला माप दिलं त्या दिवशी मी तिथं असते तर तिलाही हेच सुनावलं असतं. पण मी तेव्हा शिवणक्लासला होते.

माय म्हणजे रुखमाबाई. तिचं पहिलं लग्न माझ्या बाबांच्या थोरल्या भावाशी झालं होतं. श्रीहरी त्यांचं नाव. मी त्यांना पाहिलं नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. ती नवरी होऊन या घरात आली तेव्हा माझे बाबा, मुखरू, बारा वर्षांचे होते आणि चौथीला दुसऱ्यांदा बसले होते. माय त्यांच्या पायातले काटे काढायची, त्यांची फाटकी चड्डी शिवून द्यायची आणि "मुख्या, नाक पूस" म्हणून ओरडायची. पुढं श्रीहरी तापानं गेले. माझा मोठा भाऊ हेमराज तेव्हा मांडीवर होता. आमच्यात विधवेचा पाट लावतात. गावच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं की सून आणि लेकरू घरातच राहू दे, धाकट्याशी पाट लावून टाका. बाबा विशीत, माय पंचविशीत. दोघांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

पाट लागला त्या दिवसापासून मायनं "मुख्या" म्हणणं सोडलं. "अजी, आयकता का" सुरू झालं. बाबांना हे जड गेलं. ते कितीतरी दिवस तिला वयनीच म्हणायचे आणि लोक हसले की मान खाली घालायचे. संसार मात्र चांगला झाला. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माय दिवसभर चिखलात वाकलेली असायची, तर बाबा तिच्याआधी घरी येऊन चूल पेटवून ठेवायचे. लोक त्यालाही हसले.

आणि शेजारी होती धुरपताबाई. देव तिला क्षमा करो, मी करणार नाही. विहिरीवर सगळ्या बायकांसमोर ती बोलून गेली होती, "मोठी बायको नवऱ्याचं आयुष्य खाते, बापा. हिनं एक खाल्ला, आता दुसऱ्याले लागली." ती बोलली आणि घागर घेऊन निघून गेली. विसरलीही असेल. माय विसरली नाही. बाबांना साधी सर्दी झाली तरी ती देवापाशी जाऊन बसायची, आणि बाबा शिंकत शिंकत तिला चिडवायचे.

मग गावात आधारवाले आले. शाळेच्या व्हरांड्यात यंत्र लावलं, रांग लागली. यंत्रावर बसलेल्या पोरानं विचारलं, "बाबाचं वय किती?" बाबा आठवायला लागले तशी माय पुढं झाली. "एकोणसाठ लिही," ती म्हणाली. ते तिचं स्वतःचं वय होतं. "आणि तुमचं, बाई?" "मी लहानी हावो याच्याहून. चोपन्न लिही." ते बाबांचं होतं. बाबांनी तोंड उघडलं तर तिनं त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आधारच्या फोटोत ते तसेच आले आहेत. त्या दिवशी घरी येताना मायनं गूळखोबरं वाटलं. ती लहान आहे असं आता सरकारनंच लिहून दिलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. पण त्याच पावसाळ्यात बाबांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अन्न जाईना, आम्ही आशा सोडली होती. डॉक्टरनं सलाईन लावून, औषधं देऊन त्यांना वर काढलं. मायच्या हिशेबात मात्र डॉक्टर कुठेच नव्हता. "मी देल्ले ना याले माह्ये पाच वर्ष," ती ज्याला त्याला सांगायची, "तेच कामी आले." आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त बाबा हसायचे. म्हातारपणचे सरकारी पैसे त्यांना पाच वर्षं आधी सुरू झाले, तेव्हा तर ते गावभर सांगत फिरले की बायको करावी तर अशी करावी, नवऱ्याला वय देते.

गेल्या साली धान कापणीत माय बांधावर बसली ती उठेना. श्वास लागला होता. आधी वाटलं उन्हानं, मग वाटलं अशक्तपणा. मी तिला चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीवर यंत्र फिरवून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाची झडप आखडली आहे, दार नीट उघडत नाही, ऑपरेशन करून ती बदलावी लागेल. नागपूरला होईल. "करून घ्या लवकर. लवकर म्हणजे खरंच लवकर," तो म्हणाला.

ऑपरेशनचा खर्च ऐकून आम्ही घाबरलो नाही, कारण रेशनकार्डावर सरकारचा विमा असतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं, कारण त्याच साली तो आम्ही वापरला होता. तो संपलाही आहे, हे कागद पुढं केल्यावर कळलं. हेमराजदादा घुग्घुसला कामाला. पाळी संपवून मोटरसायकलनं येताना ट्रकनं त्याला उडवलं. पाय, कंबर, बरगड्या, तीन ऑपरेशनं, आणि दादा वाचला. आमचं रेशनकार्ड अजून सगळ्यांचं एकच. घरासाठी वर्षाला जेवढी रक्कम मिळते तेवढी दादाच्या कंबरेत गेली. नवीन वर्षाची रक्कम सुरू व्हायला बरेच महिने होते आणि डॉक्टरनं "लवकर" म्हटलं होतं. दादा अजून खाटेवर होता. ही गोष्ट त्याला कळली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, दिवसभर जेवला नाही.

तेव्हा गिरजाबाई घरी आली. ती आमच्या गावची आशा, दारोदार फिरून औषधं देते. ती म्हणाली, "रडत काऊन बसले बापा? सत्तरच्या वरच्या म्हाताऱ्यायले सरकारनं वेगळं कार्ड काढलं हाय. घरच्या रकमेशी त्याचा संबंध नाई. म्हाताऱ्याचं ते म्हाताऱ्याचंच."

मी उडीच मारली. माय बहात्तर वर्षांची. मी तिथल्या तिथं तिच्या पायावर डोकं ठेवलं, की बरं झालं बाई तू म्हातारी झालीस. माय हसली, पण बाबांकडे पाहून हसली, आणि ते हसू मला तेव्हा समजायला हवं होतं. आधारच्या दिवशीची गंमत घरात इतकी जुनी झाली होती की ती गंमत आहे हेच मी विसरले होते.

गावातलं सेवा केंद्र विक्की चालवतो. त्यानं मायचा आधार नंबर टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाला, "ताई, काकूले सदुसष्टच होऊन राह्यले. नाई निघत कार्ड." मग बाबांचा टाकला. त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरला, डोळे मिचकावा म्हणाला, आणि थोड्याच वेळात बाबांचं कार्ड निघालं. बहात्तर पूर्ण. माझे बाबा, जे अजून धानाचं पोतं पाठीवर टाकून पायऱ्या चढतात, ज्यांना त्या काविळीनंतर डोकंही दुखलं नाही, त्यांच्या हातात मोठमोठ्या ऑपरेशनांचं कार्ड. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते आमच्याच घरासाठी. बाबांनी ते कार्ड विक्कीपुढं सरकवलं. "याच्यावर हिले करा ना बेटा. माह्यं काय, हिचं काय, एकच हाय." विक्की मान खाली घालून बसला. चांगला पोरगा आहे, त्याचं काही चुकलं नव्हतं.

चुकलेलं दुरुस्त होतं. मी चौकशी केली, जन्मतारीख बदलून मिळते, पुरावा लागतो. माय माहेरी, नागभीडकडे, दोन इयत्ता शिकली होती. मी तिथं गेले. हेडमास्तरांनी दाखला शोधून दिला, वर चहा पाजला. कुठं कुणी अडवलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माझ्याकडे दाखला होता, ब्रह्मपुरीच्या केंद्रातली तारीख होती, माझा नवरा गुलाब स्वतः आपली काळीपिवळी टॅक्सी घेऊन दारात उभा होता. फक्त मायनं उठून गाडीत बसायचं होतं.

माय उठेना.

"माय, तुह्यं खरं वय लिहाचं हाय फक्त," मी म्हटलं. "बाबाचं जसं हाय तसंच राहीन."

"मंग याचेबी बहात्तर आन माह्येबी बहात्तर?"

"हो. त्यात काय?"

"ते पाच वर्ष मी याले देऊन टाकले, रिना." ती धापा टाकत, थांबत थांबत बोलत होती. "एक लुगडं दोघं कसे नेसतीन? मी वापस घेतले तं याचे कमी होतीन."

आधी मी समजावलं. मग गुलाबनं समजावलं, बाहेर जाऊन गाडी बंद केली, परत येऊन पुन्हा समजावलं. गिरजाबाई येऊन बोलून गेली. बाबा तिच्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अवं, मी ते मजाक करत होतो. वय का देता येते का कोणाले?" माय म्हणाली, "काविळीत तुमी वाचले ते मजाक नोयतं." माझं डोकं फिरलं. मी घरात शिरून ओरडले, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं असेल. "माय, कागदावरच्या वर्षानं कोणी जगत नाई!"

तिनं माझ्याकडे शांत पाहिलं. "मंग कागदावरच्या वर्षासाठी तू काऊन रडून राह्यली?"

मी दाखला पिशवीत घातला आणि गुलाबच्या गाडीत जाऊन बसले. 

त्यानंतर आठवडे गेले. मी दर रविवारी गावी जायचे आणि भांडून परत यायचे. मायला आता अंगणातून घरात यायला भिंत धरावी लागायची. ती झोपायची नाही, टेकून बसायची, कारण आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. तिला मरायचं होतं असं नाही, हे कुणी समजू नये. ती मला विचारायची की नागपूरच्या दवाखान्यात पोटभर जेवायला देतात का, कापल्यावर लुगडं नेसता येतं का. तिला जगायचं होतं. पण नवऱ्याच्या आयुष्यावर नाही.

एका दुपारी बाबा माझ्या दुकानात आले. एकटे, बसनं, न सांगता. अंगात लग्नात घालतात तो पांढरा सदरा. हातात चौथीचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. दुकानात दोन बायका माप द्यायला उभ्या होत्या, त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "रिना, वापस करून आलो."

"काय वापस केलं?"

"तिचे वर्ष. माह्यं खरं वय लिहून देल्लं. सदुसष्ट. शाळेचा दाखला दाखवला, अंगठा लावला, झालं." ते सकाळपासून आधार केंद्रात बसले होते. पावती त्यांनी खिशातून काढून मला दाखवली. चौथी पास झाले तेव्हाही त्यांनी असाच कागद दाखवला असेल.

"बाबा, तुमचं सत्तरचं कार्ड बंद होईन ना! उद्या तुमाले काही झालं तं?"

"मले काय धाड भरली हाय?" ते स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "तिले वाटते ते माह्यापाशी हायेत. म्हणून घेत नाई. आता माह्यापाशी नाईच. आता ते कोणाचेच नाई, रस्त्यावर पडले हायेत. आता तं घेईन का नाई?"

मापाला आलेल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मी मशीनवर डोकं ठेवलं आणि रडले. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं शहाणं भेटलं नाही, आणि एवढं वेडंही.

आम्ही दोघं संध्याकाळी गावी पोचलो. माय दारात टेकून बसली होती. बाबांनी तिला पावती दिली. तिला वाचता येत होतं, दोन इयत्तांपुरतं. आकडा तिला कळला. सत्तेचाळीस वर्षं जे नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं.

"मुख्या! काय करून आला रे तू? काय केलं रे हे?"

बाबा तिच्यासमोर मातीत बसले, अगदी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखे. "तुले घ्याचे असन तं घे," ते म्हणाले. "नाई तं पडून राहू दे. मी नाई उचलत आता."

 सकाळी मी उठले तर ती अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून, दाराशी बसलेली. धान कापून झालं की शेतात पडलेल्या लोंब्या बायका वेचतात, त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. कुणाचंही धान असो, पडलेलं पायाखाली येऊ द्यायचं नाही, असं तिनं आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं. "चाल," ती म्हणाली. "सरवा वेचाले चाललो असं समजजो."

दुरुस्तीचा अर्ज गेला. तपासणी सुरू आहे, असा मेसेज आला. मग पुन्हा तोच आला. मी रोज मोबाईल पाहायचे, ब्लाउजाची बाही उलटी जोडायचे आणि उसवायचे. शेवटी दुरुस्ती झाली, बहात्तर लिहून आलं, विक्कीनं स्वतः घरी येऊन मायच्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि कार्ड काढून दिलं. उन्हाळा लागून मोहाची फुलं वेचायचे दिवस सुरू झाले होते. आम्ही त्याच दिवशी नागपूरला निघालो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या होत्या. कार्ड पाहून म्हणाल्या, काही अडचण नाही, सगळं होईल यातून. मग त्यांनी मायची तपासणी केली, पुन्हा केली, आणखी एका मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलल्या, तेव्हाच मला कळलं. झडप अजूनही बदलण्यासारखी होती, हृदय तेवढं राहिलं नव्हतं. आखडलेल्या दारातून रक्त ढकलून ढकलून ते इतकं थकलं होतं की टेबलावर घेतलं तर तिथंच थांबेल. "दोन-तीन महिने आधी आला असता तर," त्या म्हणाल्या. पुढचं मी स्वतःला रोज बोलते. वरातीमागून घोडं ही म्हण मी कितीदा दुसऱ्यांच्या गमतीसाठी वापरली असेल. घोडं हातात धरून उभं राहायला कसं वाटतं ते मला त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं.

मायला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "घरी चाल. पोरगं एकटंच हाय खाटेवर." पोरगं म्हणजे हेमराजदादा, पन्नाशीचा.

घरी आल्यावर तिला स्वतःची काळजी राहिली नाही. एकच घोर लागला. बाबांचा. "माह्ये तं आता कामाचे नाई," ती म्हणायची. "याले वापस लिहून दे ना, रिना. याच्यापाशी काहीच नाई आता. उद्या याले काई झालं तं कोणतं कार्ड दाखवीन?" सकाळी तेच, दुपारी तेच. भात समोर ठेवला तरी तेच. श्वास पुरत नव्हता आणि जेवढा होता तेवढा ती यात घालवत होती. बाबा म्हणायचे, "तीन वर्षांनी माह्ये सत्तर होतेच, तवा काढू ना." पण तीन वर्षं तिला फार लांब वाटायची. त्यांना आजच काही झालं तर?

मी विक्कीकडे गेले. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि हळूच सांगितलं, "ताई, जन्मतारीख एकदाच बदलते. काकाजीची झाली बदलून. आता नाई होत." त्याच्या दुकानातून घरापर्यंतचा रस्ता लहानसाच आहे. मी तो फिरून फिरून आले, नदीकडून, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.

दारातच बाबा उभे होते. मी मान हलवली. ते माझ्या मागोमाग आत आले.

माय भिंतीला टेकून होती. ओठ निळसर पडले होते. "काय झालं?" तिनं विचारलं.

"झालं, माय," मी म्हटलं. "लिहून आले. बाबाचे पाच वर्ष बाबाले."

खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. तिचा विश्वास बसला नसावा, कारण ती माझ्याकडे न पाहता बाबांकडे पाहायला लागली. "किती झाले तुमाले?"

बाबा तिच्याजवळ बसले. "बहात्तर," ते म्हणाले.

"आन मले?"

बाबांनी तिच्या अंगावरचं लुगडं सारखं केलं. "सदुसष्ट."

"मंग मी लहानी."

"लहानीच हायेस तू. आधीपासून लहानीच."

ती हसली. आधारच्या दिवशी गूळखोबरं वाटताना हसली असेल तशी. मग म्हणाली की चहा करा, साखर जास्त टाका. बाबांनी चहा केला. तिनं बशीतून दोन घोट घेतले. त्यानंतर दोन दिवस ती कार्डाचं काही बोलली नाही, शांत होती, हेमराजदादाची खाट आपल्याजवळ ओढून घ्यायला लावली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती गेली. बाबांना आधी कळलंच नाही, ते विंचरत राहिले. बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली, भाग्याची होती, असं सगळ्या म्हणाल्या. त्यात धुरपताबाईही होती, काठी टेकत आली होती.  मला वाटलं होतं मी तिचा जीव घेईन, पण ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली आणि माझ्या अंगात तेवढाही राग उरला नव्हता.

तेरवी झाल्यावर मृत्यूची नोंद करायला मी बाबांना घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक नवीन होते, बाहेरगावचे. त्यांनी मायचं आधार घेतलं, नाव लिहिलं आणि वयाच्या जागी थांबून वाचलं, "बहात्तर."

"सदुसष्ट," बाबा म्हणाले.

"बाबा, यावर बहात्तर आहे."

"ते चुकीचं हाय, साहेब. सदुसष्ट लिहा. मी मोठा होतो तिच्याहून."

ग्रामसेवकांनी बाबांचं आधार मागितलं. मी दिलं. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमचंच सदुसष्ट आहे, बाबा. त्या तुमच्यापेक्षा मोठ्या होत्या."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आयुष्यभर कुणापुढं हात न पसरलेला माणूस. "साहेब, हात जोडतो. ती लहानी होती. तुमी लिहा. कोणाले विचारा गावात." गावात विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. मला बाबांना ओढून बाहेर न्यायचं होतं, त्या साहेबावर ओरडायचं होतं, त्या दोन कार्डांचे तुकडे करायचे होते. यातलं काहीच मी केलं नाही. ग्रामसेवकांनी खाली पाहत बहात्तर लिहिलं. दुसरं ते काय लिहिणार होते?

आम्ही बाहेर आलो. ऊन तापलं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. बाबा माझ्या पुढं चालत होते. थोडं गेल्यावर ते थांबले, मी जवळ येईपर्यंत थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले,

"रिना, हे तुह्या मायले सांगू नको."

"नाई सांगत, बाबा," मी म्हटलं.